जांभ्याच्या भिंतींचे घर आणि वायफायचा एक्स्टेंडर

आमचे घर रत्नागिरीपासून थोडे आत, जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे. सासऱ्यांच्या वडिलांनी ते बांधले तेव्हा पुढून मागे असे लांबट बांधले : पुढची पडवी, ओटी, माजघर, माजघराच्या बाजूला देवघर, मग स्वयंपाकघर, त्याला लागून बाळंतिणीची खोली आणि शेवटी मागची पडवी. मधल्या भिंती मी टेपने मोजल्या आहेत, त्या ठिकठिकाणी सोळा ते अठरा इंच भरतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही पुणे सोडून येथे राहायला आलो. यजमान कलमांची बाग पाहतात आणि मी पुण्यातल्या एका कार्यालयाचे हिशेबाचे काम घरून करते. फायबरची जोडणी गेल्या वर्षी मिळाली. जोडणी करायला आलेल्या मुलाने खिडकीतून तार आत घेतली आणि ती जेथे आत आली तेथेच, ओटीच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे राउटरचा डबा बसवून दिला. ओटीवर नेट उत्तम चालले, तो सही घेऊन गेला, आणि आमची अडचण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्षात आली.

सासूबाई मागच्या, बाळंतिणीच्या खोलीत असतात. त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. माझी नणंद बडोद्याला असते आणि रोज दिवेलागणीनंतर मायलेकींचा व्हिडिओ कॉल होतो. मागच्या खोलीत चित्र गोठायचे, आवाज तुटायचा, म्हणून आई काठी घेऊन दोन उंबरठे ओलांडत ओटीवर येऊन बसू लागल्या. जुन्या घराचे उंबरठे किती उंच असतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मला या विषयात एवढा वेळ का घालवावासा वाटला ते वेगळे सांगावे लागणार नाही.

मी पहिल्यांदा जे केले तेच बहुतेक लोक करतात. ऑनलाइन दुकानात 'वायफाय एक्स्टेंडर' असे शोधले, स्वस्तातला आणि भरपूर तारे मिळालेला एक डबा मागवला आणि जेथे नेट येत नव्हते तेथे, म्हणजे थेट आईंच्या खोलीतल्या बोर्डाला, तो लावला. मोबाइलवर रेंज एकदम पूर्ण दिसू लागली. संध्याकाळी कॉल लागला आणि पाच मिनिटांत पुन्हा गोठला. आई म्हणाल्या, "अगं, रेंज तर पूर्ण दाखवत्येय, मग ही मध्येच थांबते का?" त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. ते उत्तर शोधताना जे समजले ते आधी माहीत असते तर पहिला डबा मी विकत घेतला नसता.

एक्स्टेंडर नवे नेट तयार करत नाही. तो राउटरचे ऐकतो आणि ऐकलेले पुन्हा मोठ्याने सांगतो, इतकेच त्याचे काम आहे. मंदिरात मागे बसलेल्या माणसाला कीर्तनकाराचे शब्द ऐकू येत नसतील, तर मध्ये बसलेला एखादा ते त्याला पुन्हा सांगू शकतो, पण त्यासाठी मध्ये बसलेल्याला तरी ते नीट ऐकू आले पाहिजेत. मी सांगणाऱ्याला नेऊन मागच्या भिंतीशी बसवले होते. मोबाइलवरची पूर्ण रेंज ही मोबाइल आणि एक्स्टेंडर यांच्यामधली होती, आणि ते दोघे एकाच खोलीत चार फुटांवर असल्यामुळे ती पूर्ण असणारच होती. एक्स्टेंडर आणि राउटर यांच्यामध्ये मात्र तीन जाड भिंती होत्या, आणि त्या दुव्याबद्दल मोबाइलवरच्या त्या रेघा काहीही सांगत नाहीत. एक्स्टेंडर निवडताना आणि लावताना पाहायचा असतो तो हा दुसरा दुवा.

म्हणून मी मोजायला बसले. अँड्रॉइड फोनवर वायफायची ताकद आकड्यांत दाखवणारी ॲप्स फुकट मिळतात. आयफोनवर बाहेरच्या ॲपना हा आकडा सहसा मिळत नाही, पण ॲपलच्याच एअरपोर्ट युटिलिटी या ॲपमध्ये, सेटिंग्जमध्ये जाऊन स्कॅनर चालू केल्यास तो दिसतो. हा आकडा डीबीएम या मापात आणि उणे चिन्हासह असतो, त्यामुळे उणे ४० म्हणजे जोरदार आणि उणे ८५ म्हणजे जवळजवळ नाहीच. या मापाची एक खोच आधी समजून घ्यावी : दहाचा फरक म्हणजे ताकद दहापटीने कमी आणि वीसचा फरक म्हणजे शंभरपटीने कमी. उणे ६० आणि उणे ८० हे आकडे डोळ्यांना जवळचे वाटतात, पण पहिल्या ठिकाणी पोहोचलेल्या ताकदीचा शंभरावा भागच दुसऱ्या ठिकाणी पोहोचलेला असतो. व्हिडिओ कॉल निर्वेध चालायचा असेल तर उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून चांगला आकडा असावा, असे या क्षेत्रातले लोक धरून चालतात, आणि माझा अनुभवही त्याला धरूनच आहे.

आमच्या घरातले आकडे मी वहीत लिहून ठेवले. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ओटीत उणे ४०, माजघरात उणे ६०, स्वयंपाकघरात उणे ७६ आणि आईंच्या खोलीत उणे ८४. ५ गिगाहर्ट्झवर माजघरात उणे ६९, आणि स्वयंपाकघरात तर नेटवर्कचे नावही दिसत नव्हते. एकेक भिंत ओलांडताना आठ ते वीस डीबीएम जात होते. वीट-सिमेंटच्या साडेचार इंची भिंतीत इतके सहसा जात नाही. पण जांभा सच्छिद्र दगड आहे, तो ओल धरतो, आणि पाणी हे या लहरींना शोषून घेणारे आहे. मे महिन्यात आणि जुलै महिन्यात एकाच जागी उभे राहून घेतलेल्या माझ्या आकड्यांत तीन-चार डीबीएमचा फरक आहे. घराबाहेरच्या, गिलावा नसलेल्या भिंतीपलीकडे तो आणखी जास्त आहे. कोकणात राहणाऱ्यांनी म्हणून मोजमाप पावसाळ्यात करावे, किंवा उन्हाळ्यात केले तर हाताशी थोडी शिल्लक धरावी.

दोन पट्ट्यांमधला हा भेद निवडीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो आणि भिंती बऱ्यापैकी सोसतो, पण त्यात जागा थोडी. एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्यांची (चॅनेलची) संख्या तीनच, म्हणजे १, ६ आणि ११. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात गजबज करतात. ५ गिगाहर्ट्झ मोकळ्या जागेतसुद्धा तेवढ्याच अंतरावर सुमारे सहा डीबीएम जास्त गमावतो आणि भिंतींपुढे तर लवकरच थकतो, पण त्यात जागा पुष्कळ आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्यातला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा भाग परवानामुक्त केला, त्यामुळे घरगुती वापराला तो खऱ्या अर्थाने खुला झाला. माझा पहिला एक्स्टेंडर केवळ २.४ गिगाहर्ट्झचा होता. असा एकच रेडिओ असलेला डबा राउटरकडून ऐकतो त्याच वाहिनीवर पुढे सांगतो, आणि एका वेळी एकच काम करू शकतो. प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते, म्हणून उत्तम जागी ठेवूनही वेग साधारण निम्मा होतो. वाईट जागी ठेवला तर काय होते ते आम्ही पाहिलेच होते. आईंच्या खोलीत दोन-तीन एमबीपीएस (हे नेटच्या वेगाचे माप) मिळत होते. तेवढ्यात व्हिडिओ कॉल एरवी निघून जातो, पण मध्येच सेकंदभर काहीच पुढे सरकत नव्हते आणि चित्र नेमके तेव्हाच गोठत होते.

दुसरा डबा घेण्याआधी मी एक बिनखर्चाची गोष्ट करून पाहिली, आणि माझा आग्रह आहे की प्रत्येकाने ती आधी करावी : राउटर हलवला. तो टीव्हीच्या मागे, जमिनीपासून दोन फुटांवर, लोखंडी कपाटाच्या आडोशाला होता. धातू या लहरींना परत फिरवतो, त्यामुळे लोखंडी कपाट, फ्रिज आणि मोठा आरसा यांच्यामागे एक प्रकारची सावली पडते. आमच्या घराचे एक भाग्य असे, की ओटीचे, माजघराचे आणि स्वयंपाकघराचे दार एका रेषेत आहे. उन्हाळ्यात वारा पुढून मागे जावा म्हणून जुन्या लोकांनी ती तशी ठेवली असावीत. वारा जातो तेथून वायफायही जाते. लाकडी दार लोटलेले असले तरी त्यात चार-पाच डीबीएमपेक्षा जास्त जात नाही, भिंतीत मात्र त्याच्या कितीतरी पट जाते. फायबरवाल्या मुलाला पुन्हा बोलावून मी लांब पॅचकॉर्ड, म्हणजे फायबरची जोडतार, लावून घेतली आणि राउटर ओटीतून माजघरात जाणाऱ्या दाराच्या वरच्या अंगाला, सात फुटांवर फळी ठोकून ठेवला. फायबरची तार फार पातळ असते आणि कोपऱ्यात करकचून वाकवली तर आतला प्रकाश गळतो, म्हणून हे काम स्वतः न करता त्याच्याकडूनच करून घेतले. एवढ्याने स्वयंपाकघर उणे ७६ वरून उणे ६६ वर आले आणि ५ गिगाहर्ट्झ माजघराच्या मागच्या टोकापर्यंत उणे ५८ ने पोहोचू लागला. आईंची खोली उणे ७६ वर आली. ती दारांच्या रेषेत नाही, बाजूला आहे, त्यामुळे तिला एक भिंत चुकत नाही. एक्स्टेंडर लागणार होता, पण आता तो कोठे लावायचा आणि कसला घ्यायचा हे मला ठाऊक होते.

खोक्यावरचे आकडे वाचायला शिकणे हा पुढचा भाग. 'एसी १२००' असे लिहिलेले असते तेव्हा तो २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची बेरीज करून, वर थोडे गोल करून सांगितलेला आकडा असतो. 'एएक्स १५००' म्हणजे ३०० आणि १२०१. 'एन ३००' म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झ, दुसरा पट्टा नाहीच. कोणताही एक मोबाइल दोन्ही पट्ट्यांची बेरीज वापरत नाही, आणि हे आकडे मुळात कागदावरचे, समोरासमोर, रिकाम्या हवेतले आहेत. आमची जोडणी १०० एमबीपीएसची आहे. तेव्हा बेरीज किती मोठी आहे यापेक्षा ५ गिगाहर्ट्झ आहे की नाही, आणि राउटरशी बोलायला तो एक पट्टा आणि मोबाइलशी बोलायला दुसरा पट्टा वापरू शकतो की नाही, हे मी विक्रेत्याला विचारले. राउटरकडे ५ आणि आईंच्या मोबाइलकडे २.४ असे जमले, तर एकाच वाहिनीवर दोनदा बोलण्याची अडचण उरत नाही आणि वेग निम्मा होण्याचे मुख्य कारणच संपते.

त्यानंतर मी जे पाहिले ते खोक्याच्या पुढच्या बाजूला कधीच ठळक छापलेले नसते : तारेच्या पोर्टचा वेग. बहुतेक एक्स्टेंडरना खाली एक लॅनचे, म्हणजे नेटची तार खोचायचे, पोर्ट असते. स्वस्त डब्यांत ते १०० एमबीपीएसचे असते, म्हणजे प्रत्यक्षात ९४-९५ च्या पुढे जात नाही. थोड्या वरच्या डब्यांत ते गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे असते. उदाहरणच द्यायचे तर टीपी-लिंकच्या आरई३०५ ला पहिल्या प्रकारचे आणि आरई५०५एक्सला दुसऱ्या प्रकारचे पोर्ट आहे, आणि तरी दिसायला दोन्ही भिंतीच्या प्लगला लागणारे डबेच आहेत. मला या पोर्टचे महत्त्व का वाटले ते पुढे येईल. भारतात विकल्या जाणाऱ्या वायरलेस उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते. परदेशातून कोणी आणून दिलेला डबा घेण्याऐवजी येथे विकला जाणारा घेतला, तर वाहिन्यांची मांडणीही येथल्या नियमांप्रमाणे असते.

अखेर दोन्ही पट्ट्यांचा, गिगाबिट पोर्ट असलेला एक एक्स्टेंडर आणला. जोडताना पहिल्याच दिवशी त्याला राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क दिसेना, २.४ मात्र दिसत होते. डबा परत करण्याच्या विचारात मी होते, पण कारण वेगळेच निघाले. राउटरने स्वतःहून १०० क्रमांकाची वाहिनी धरली होती. ५२ पासून १४४ पर्यंतच्या वाहिन्या रडारही वापरतात, म्हणून त्या वापरणाऱ्या उपकरणाला आधी रडार नाही ना हे ऐकावे लागते आणि रडार आढळल्यास ती वाहिनी सोडावी लागते. अनेक एक्स्टेंडर या वाहिन्यांच्या वाटेला जातच नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये वाहिनी 'ऑटो' वरून काढून ३६ वर बांधली आणि एक्स्टेंडरला ती लगेच दिसली. ज्यांना हाच अनुभव येईल त्यांनी ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी एक वाहिनी निवडावी.

जागा निवडताना सगळे जण 'मध्यावर लावा' असे सांगतात. मध्य फुटांत मोजून मात्र भागत नाही. आमच्या घरात फुटांनी मध्य काढला तर तो देवघराच्या भिंतीआड येतो आणि तेथे आकडा उणे ७२ आहे. त्याच्या पुढे दहा फूट गेले, की दाराच्या रेषेत उणे ५८ मिळतो. एक्स्टेंडरच्या जागी राउटरचा आकडा उणे ५५ ते उणे ६५ च्या दरम्यान यावा, आणि त्या जागेवरून नेट पोहोचवायच्या खोलीत एकापेक्षा जास्त जाड भिंत आड येऊ नये, या दोन अटी मी धरल्या. माजघराच्या मागच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, त्या दोन्ही जुळल्या.

तेथे आड आला तो विजेचा बोर्ड. आपल्या घरांतले बोर्ड एक तर पलंगाच्या मागे नाही तर दाराआड, आणि बोर्डावर प्रत्येक प्लगला वेगळे बटण. एक्स्टेंडरचा डबा रुंद असल्यामुळे तो लावला की शेजारचा प्लग झाकला जातो. शिवाय रात्री झोपण्यापूर्वी घरातली सगळी बटणे बंद करण्याची यजमानांची लहानपणापासूनची सवय आहे, तिच्यामुळे सकाळी सहाला आईंचा मोबाइल नेटविना असायचा. मी वायरमनकडून दाराच्या वर, सहा फुटांवर, बटण नसलेला एक स्वतंत्र पॉइंट काढून घेतला. खर्च फार नाही, पण योग्य जागी प्लग असणे हे योग्य डबा असण्याइतकेच महत्त्वाचे आहे, असे मी अनुभवाने सांगते.

लाइट जाण्याचा प्रश्न याहून मोठा होता. कोकणात वळवाच्या दिवसांत आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला दिवसातून चार-पाचदा लाइट जाते. राउटरला आम्ही १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला आहे, त्यावर तो दोन-तीन तास चालतो. पण भिंतीच्या प्लगला थेट लागणाऱ्या एक्स्टेंडरला हा यूपीएस जोडता येत नाही, कारण तो २३० व्होल्टवर चालतो आणि व्होल्ट उतरवणारा भाग त्याच्या पोटातच असतो. लाइट गेली की ओटीत नेट असे आणि मागच्या खोलीत नसे. ज्यांच्याकडे पूर्ण घराचा इन्व्हर्टर आहे त्यांना हा विचार करावा लागणार नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी वेगळा ॲडॉप्टर असलेला, टेबलावर ठेवायचा डबा घ्यावा आणि ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट व अँपिअर यूपीएसशी जुळतात का ते पाहावे, कारण काही डबे १२ ऐवजी ९ व्होल्टचे असतात आणि चुकीचे व्होल्ट दिले तर ते जळू शकतात. मी हे आधी पाहिले नव्हते. सध्या आमच्या एक्स्टेंडरचा पॉइंट माजघरातल्या छोट्या इन्व्हर्टरवर घेतला आहे.

नेटवर्कच्या नावाचा निर्णय घरातल्या माणसांच्या सवयी पाहून घ्यावा. एक्स्टेंडर बहुधा राउटरच्याच नावापुढे काही अक्षरे जोडून दुसरे नाव तयार करतो, किंवा तेच नाव ठेवू देतो. नाव एकच ठेवले तरी मोबाइल कोणाला धरून राहील ते मोबाइलच ठरवतो, आणि पुष्कळ मोबाइल पहिल्याला शेवटपर्यंत सोडत नाहीत. ओटीवरून बोलत बोलत मागे गेले तर मोबाइल राउटरला उणे ८० पर्यंत लोंबकळत राहतो आणि जवळचा एक्स्टेंडर दिसत असूनही त्याच्याकडे जात नाही. मेश म्हणून विकल्या जाणाऱ्या जोड्या या बाबतीत चांगल्या असतात, कारण त्यातले डबे एकमेकांशी बोलतात आणि मोबाइलला 'तू आता तिकडे जा' असे सुचवतात. वायफाय उपकरणांना प्रमाणपत्र देणाऱ्या वायफाय अलायन्स या संघटनेने २०१८ मध्ये ईझीमेश नावाचे प्रमाणपत्रही आणले, ज्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एका मेशमध्ये चालावेत अशी अपेक्षा आहे. पण त्यासाठी राउटरही ते जाणणारा हवा, आणि सेवा देणाऱ्या कंपनीने बसवलेला डबा तो जाणत असेलच असे नाही. आमच्याकडे मी वेगळेच नाव ठेवले. आईंचा मोबाइल दिवसभर मागच्या खोलीत असतो, त्याला फक्त एक्स्टेंडरचेच नाव आणि पासवर्ड दिला, राउटरचे नाव त्यातून पुसून टाकले. आता तो दुसरीकडे जातच नाही. मी घरभर फिरते, तर माझ्या मोबाइलमध्ये दोन्ही आहेत आणि गरज पडली की मी हाताने बदलते.

जोडणी करताना डब्ल्यूपीएसचे, म्हणजे पासवर्ड न टाकता दोन डबे जोडून देणारे, बटण दाबले की दोन मिनिटांत काम होते, आणि मीही तेच केले, पण नंतर राउटरमधली ती सोय बंद केली. तिच्या आठ अंकी पिनमध्ये मोठी त्रुटी असल्याचे २०११ मध्येच उघड झाले आहे. एक्स्टेंडरचा स्वतःचा, सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्डही पहिल्या दिवशीच बदलावा.

या व्यवस्थेवर आईंच्या खोलीत ४० ते ४५ एमबीपीएस मिळू लागले आणि कॉल थांबेनासा झाला. एवढ्यावर मी थांबले असते, पण माझे स्वतःचे काम माळ्याखालच्या खोलीत असते आणि महिनाअखेरीला मोठ्या फायली चढवताना हवेतल्या दुव्याची चढउतार जाणवत होती. म्हणून दिवाळीनंतर तार ओढली. वायरमन म्हणाला, "वहिनी, भिंतीला भोक पाडायला नको, माळ्यावरून नेतो." आणि खरोखरच, कौलांखालच्या माळ्यावरून, वाशांच्या कडेने, २२ मीटर कॅट-६ तार राउटरपासून एक्स्टेंडरपर्यंत एका दुपारी गेली. लॅनची तार १०० मीटरपर्यंत गिगाबिटचा वेग सांभाळते, त्यामुळे घरात अंतराची अडचण येत नाही. उंदीर लागू नयेत म्हणून ती पीव्हीसीच्या नळीतून नेली. मग एक्स्टेंडरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला 'ॲक्सेस पॉइंट' केले. या रीतीत तो राउटरचे हवेतून ऐकतच नाही, तारेतून घेतो आणि दोन्ही पट्टे मोबाइलसाठी मोकळे ठेवतो. ते गिगाबिट पोर्ट आणि ही सोय असलेला डबा मी निवडला होता तो यासाठीच. त्या दिवसापासून मागच्या खोलीत जोडणीचा जवळजवळ पूर्ण वेग मिळतो आणि भर पावसातही तो बदलत नाही. ज्यांना तार ओढणे शक्य आहे त्यांनी हवेतल्या दुव्यावर, तो कितीही महागडा असला तरी, पैसे घालण्याआधी वायरमनला विचारावे, असे मी अगदी मनापासून सांगते.

पुण्यात आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये माझी बहीण राहते, तिने हे ऐकून मला एक्स्टेंडरबद्दल विचारले. तिला मी तो घेऊ नको असे सांगितले. तिच्याकडे भिंती पातळ आहेत, पण २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांची सत्तावीस नेटवर्क दिसतात. तेथे अडचण गर्दीची आहे, आणि एक्स्टेंडर त्या गर्दीत आणखी एक बोलणारा वाढवतो. तिने राउटर दिवाणखान्याच्या मध्ये आणला आणि मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर घेतले, तेवढ्याने तिचे काम झाले. नव्या उंच इमारतींत मिव्हान पद्धतीने सगळ्याच भिंती सळयांसह काँक्रीटच्या ओततात, त्या घरांची गोष्ट पुन्हा आमच्यासारखी. तेथे खोल्या लहान असल्या तरी भिंत ओलांडताना बरेच गमवावे लागते, आणि बांधकामाच्या वेळी टाकून ठेवलेल्या नळ्यांतून लॅनची तार नेता येते का, हे घराचा ताबा घेतानाच पाहावे.

आमच्याकडे आता एक काम उरले आहे. घरापासून पस्तीस मीटरवर, अंगणापलीकडे, काजूच्या बिया साठवण्याची शेड आहे आणि यजमानांना तेथे कॅमेरा लावायचा आहे. तेथेही तांब्याचीच लॅनची तार न्यावी असे मला आधी वाटले होते. पण दोन इमारतींमध्ये उघड्यावरून नेलेल्या तांब्याच्या तारेतून विजेचा धक्का घरातल्या सगळ्या डब्यांपर्यंत येऊ शकतो, आणि मे महिन्यात येथे विजा कशा कडाडतात ते आम्ही दरवर्षी पाहतो. फायबर वीज वाहून नेत नाही. म्हणून तेथे फायबर टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅनची तार यांना जोडणारे छोटे डबे, बसवायचे ठरवले आहे. सध्या अंगणात पाणी आहे. पाऊस उघडला की चर खणायला माणूस येईल, आणि तोपर्यंत नळी, तार आणि दोन कन्व्हर्टर माजघरातल्या कोनाड्यात ठेवलेले आहेत.